हात वर

त्याचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. एरवी सगळे त्याला ‘हातवर’ म्हणायचे. तोंडावर हातवरभाऊ, पाठीमागे नुसतं हातवर. गल्लीतली पोरं तर तो दिसला की दोन्ही हात आभाळाकडे करून खिदळत पळत सुटायची, आणि हा बिचारा मान खाली घालून निमूट घरात शिरायचा.

बावीस वर्षं माणूस एकच वाक्य बोलत राहिला तर दुसरं काय होणार? कारखाना पितळेच्या तोट्यांचा. तोटी म्हणजे आपल्या नळाला असते तीच. पितळ वितळवायचं, साच्यात ओतायचं, लेथवर आटे पाडायचे, घासून चकचकीत करायचं आणि खोक्यात भरायचं. दोनशे माणसं, एकच फाटक आणि त्या फाटकाशी लाकडी खुर्ची टाकून बसलेला हा झडतीवाला. संध्याकाळचा भोंगा झाला की रांग लागायची. “हात वर.” काखा, कंबर, खिसे, पायमोजे, डबा. “चल. पुढचा. हात वर.” पितळ पडलं मोहाचं, मुठीत मावतं आणि कुठलाही भंगारवाला डोळे झाकून घेतो. म्हणून मालकाने हा माणूस ठेवला होता. बायकांच्या झडतीला मालकाची एक वेगळी बाई होती, ती पुढे मालकाबरोबरच गेली.

कामात मात्र तो वस्ताद होता, हे कबूल करायला हवं. खिशाला हात लावायच्या आधीच त्याला कळायचं. तो सांगायचा, खिशात तोटी असलेला माणूस जरा जास्तच सरळ चालतो, आणि ज्या बाजूला पितळ असतं त्या बाजूचा हात हलवायला विसरतो. एक हात झुलतो, दुसरा अंगाला चिकटून. बस्स, एवढंच बघायचं. त्याच्या मुलीला लहानपणी हा खेळच वाटायचा. दोघं रस्त्याने चालले असले की बाप हळूच म्हणायचा, “तो बघ, डावा खिसा,” आणि ती तोंडावर हात धरून हसायची. माझे बाबा चोर पकडतात, असं ती शाळेत सांगायची. पुढे ती त्याच कारखान्यात पॉलिशखात्यात लागली, तीही मान ताठ ठेवूनच लागली.

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकावं. लपवाछपवी या गोष्टीत तशीही पुष्कळ आहे. दोनशे माणसांची झडती घेणाऱ्याची झडती कोण घेणार? कोणीच नाही. नोकरी लागल्यावर आठव्या दिवशी एकाच्या पायमोज्यातून तोटी निघाली. ती फाटकाशी ठेवलेल्या, पकडलेल्या मालाच्या पेटीत टाकायची होती. तेवढ्यात मालकाची गाडी आली, हा फाटक उघडायला धावला आणि तोटी याच्या खिशात राहिली. घरी शर्ट काढताना ती ठण्णकन जमिनीवर पडली. उद्या परत नेऊ, असं म्हणून त्याने ती पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत टाकली. उद्या काही नेली नाही. आठवड्याने दुसरी आणली. का? खायची भ्रांत होती? नव्हती. विकली? एकही नाही. त्याने स्वतःला शंभरदा विचारलं आणि शंभरदा एकच उत्तर आलं. कोणी बघत नव्हतं, एवढंच. कुंपणाने शेत खाल्लं, तेही भूक नसताना.

आणि गंमत बघा, म्हणजे रडावं अशी गंमत. पलंगाखाली ट्रंकभर तोट्या आणि घरातला नळ गळका! कारखान्याची तोटी लावली तर येणारा-जाणारा ओळखेल, म्हणून नळाला चिंधी बांधलेली. बायको रोज ती चिंधी पिळायची आणि रोज म्हणायची, “अहो, त्यातली एक लावा की. की माझ्या मढ्यावर घालणार आहात सगळ्या?” तो म्हणायचा, “हळू बोल.” मुलगी घरात नसतानाच हे बोलणं व्हायचं. ट्रंकेला कुलूप होतं आणि आत जुनी हत्यारं आहेत असं तिला सांगितलेलं होतं.

मग एके दिवशी मालक कारखान्याला टाळं ठोकून परागंदा झाला. दोनशे माणसं फाटकासमोर सतरंज्या टाकून बसली ती अकरा महिने बसली. हातवरही त्यांच्यात बसला, कारण टाळं लागलेल्या फाटकावर झडती कोणाची घेणार? शेवटी कोर्टाने सांगितलं, कारखाना तुम्हीच चालवा. तीन वर्षं नीट चालला तर तुमचा, नाहीतर लिलाव.

कामगारांनी ओताऱ्याला प्रमुख निवडलं. भट्टीवर पितळ ओतणारा, भुवया कायमच्या जळालेल्या, बोलणं मोजकं. पहिल्या सभेत तो एका खोक्यावर चढला आणि म्हणाला, “आपल्या आजोबांनी देश सोडवला, आपण कारखाना सोडवला. देश म्हणजे तरी काय? याच्याहून मोठं फाटक असलेला कारखानाच. ज्याच्या मागे कोणाला तरी दंडुका घेऊन उभं राहावं लागतं, तो राज्य कसलं करणार? स्वतःच्या हातावर ज्याचं चालत नाही त्याचं दुसऱ्यावर काय चालणार? म्हणून पहिला ठराव. झडती बंद.” लोकांनी टाळ्या पिटल्या, काही जण तर रडले. हातवरसुद्धा टाळ्या वाजवत होता. आपण कशासाठी वाजवतोय हे त्यालाही नीट कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी भोंगा झाला आणि सवयीने रांग लागली. सगळ्यांत पुढे पॅकिंगखात्यातली म्हातारी. तिने सवयीने हात वर केले. वर गेलेले हात दिसताच, बाई आहे हे विसरून, हाही सवयीने खुर्चीवरून अर्धा उठला. मग दोघांनाही आठवलं आणि दोघंही तसेच अवघडून थांबले. मागे हशा पिकला. म्हातारीने हात खाली घेतले, फाटकाच्या लोखंडी गजावर तळवा टेकला आणि म्हणाली, “काही नाही रे बाबा माझ्याजवळ.” आणि गेली. तिच्यामागच्याने तेच केलं. गजावर हात, “काही नाही,” आणि बाहेर. कोणी सांगितलं नाही, कोणी ठराव केला नाही, पण दोनशे माणसं त्याच रीतीने गेली. कोणी मोठ्याने म्हणालं, कोणी पुटपुटलं, यंत्रं दुरुस्त करणारा फिटर तर गाण्यासारखं म्हणत गेला. मुलगी आली, तिने पॉलिशने काळा झालेला हात गजावर ठेवला, बापाकडे बघून हसली आणि म्हणाली, “काही नाही, बाबा.”

सगळ्यांच्या शेवटी हा. अंगणात चिटपाखरू नाही. त्याने गजावर हात ठेवला. दोनशे हातांनी तो गज कोमट झाला होता. ‘काही नाही’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. उजव्या खिशात दुपारी उचललेली तोटी होती. आजवर त्याला कोणी विचारलं नव्हतं, तेव्हा खोटं बोलायची वेळच आली नव्हती. आताही कोणी विचारत नव्हतं, पण बोलायचं मात्र स्वतःलाच होतं. ही भलतीच पंचाईत! तो तसाच उभा राहिला. शेवटी तो मागे फिरला, तोटी पेटीत टाकून आला आणि गजाला हात लावून म्हणाला, “काही नाही.” घरी जाईपर्यंत तो रस्त्याने रडत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ट्रंक रिकामी करायला घेतली. रोज सकाळी डब्याच्या खालच्या पुडात दोन तोट्या घालायच्या, वर झाकायला जेवण, आणि कोणी यायच्या आत जाऊन पेटीत टाकायच्या. बावीस वर्षं बाहेर नेताना जेवढा घाबरला नव्हता तेवढा आता आत नेताना घाबरायचा. बायकोने पाहिलं आणि डब्यात भाजी जरा जास्त घालायला लागली. रोज संध्याकाळी गजाला हात लावून तो ते दोन शब्द म्हणायचा, आणि ते खरे असायचे. आपल्या तोंडाचं आपल्या हातांवर चालतं, हे सुख त्याला पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं.

पाच महिने हे नीट चाललं. माणसं कशी असतात, तुम्हाला मी काय सांगू! पाच महिने म्हणजेसुद्धा पुष्कळच.

झडती गेली, खुर्ची गेली, पण फाटकाची राखण हातवरकडेच राहिली होती. त्याला पहिला दिसला तो लेथवरचा एक पोरगेला गडी. “काही नाही” म्हणाला, गेला, आणि त्याचा डावा हात हललाच नाही. भास असेल, असं हातवरने मनाला बजावलं. दुसऱ्या आठवड्यात असे तीन. मग सहा. त्याला दिसायचं नसलं तरी दिसायचं. डोळ्यांना बावीस वर्षांचं वळण लागलेलं, ते काय ठराव करून जातं? त्याचे हात फाटकाची कडी घट्ट धरून असायचे. त्यांना उठायचं असायचं, झडप घालायची असायची. आणि नियम असा की हात लावायचा नाही. लोकांना पितळ आवरत नव्हतं आणि याला हात. दोन्हींत जास्त अवघड काय, हे मला सांगता यायचं नाही.

शेवटी त्याने एक तोड काढली. जाणारा “काही नाही” म्हणाला की हा त्याच्याकडे न बघता हळूच म्हणायचा, “उद्या आणलंस तरी चालेल.” बस्स, एवढंच. लेथवरचा तो गडी दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तोटी पेटीत टाकली आणि याच्या पायांशी बसून हमसून हमसून रडला. असे तिघं-चौघं झाले. हातवरला वाटलं, जमतंय, हळूहळू जमेल. पण बाकीचे? पालथ्या घड्यावर पाणी. कोणी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. कोणी चिडायचं, “आमची चाल बघत बसलायस होय?” फिटर तर चारचौघांत ओरडला, “हातवरभाऊ, झडती बंद झाली, कानावर आलं नाही वाटतं?” सगळे हसले. फिटर ऐटीत बाहेर पडला, उजवा हात झुलवत. डावा अंगाला शिवल्यासारखा.

मग खोकी उणी निघायला लागली. पन्नास तोट्यांच्या खोक्यात अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाने पत्र पाठवलं: आणखी एकदा असं झालं तर आपला संबंध संपला. ते गिऱ्हाईक गेलं म्हणजे भट्टी विझली, आणि भट्टी विझली म्हणजे लिलाव. हातवर ओताऱ्याकडे गेला. ओतारी भट्टीपाशी एकटाच बसला होता.

“तुला माहीत आहे कोण नेतं ते,” ओतारी म्हणाला. “नावं सांग.”

हातवरने मान हलवली. “नावं सांगितली तर ती झडतीच झाली की हो.”

“मग मी काय करू?” ओताऱ्याचा आवाज फुटला. “तोटीचा साचा मला करता येतो. माणसं कुठल्या साच्यात ओतू, ते सांग!”

मग त्याने सभा बोलावली.

सभा भरली ती शनिवारी दुपारी, अंगणात. फिटर उठला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकायच्या असतील तर तिथे असायला हवं होतं. “विश्वास, विश्वास करून कारखाना बुडाला,” तो गरजला. “आपल्या लोकांना दंडुकाच लागतो. झडती पुन्हा सुरू करा. आणि माणूस शोधायलाही नको, आपला हातवरभाऊ आहे. जुना, खात्रीचा, अनुभवी. त्याला हात असलेली चांगली खुर्ची देऊ. मानाने बसवू!” लोकांनी माना डोलावल्या. पॉलिशच्या बायकांत उभ्या असलेल्या मुलीने अभिमानाने बापाकडे पाहिलं.

हातवर मात्र हादरून गेला. त्याला स्वतःची पक्की ओळख होती. पुन्हा त्या खुर्चीवर बसलो की आठव्या दिवशी आपण तेच करणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. सात महिन्यांत जे काही मिळालं होतं ते त्या खुर्चीत बसताच मातीला मिळणार होतं. आणि नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं. कारण द्यावं लागणार होतं. कारण त्याच्या पिशवीतच होतं. ट्रंकेतली शेवटची तोटी. सकाळी पेटीत टाकायची म्हणून त्याने ती आणली होती, पण सभेमुळे लोक लवकर जमले आणि ती पिशवीतच राहिली.

त्याने मुलीकडे एकदा बघून घेतलं. मग तो पुढे गेला आणि ती तोटी ओताऱ्यासमोरच्या टेबलावर ठेवली.

“मला खुर्ची नको,” तो म्हणाला. “मी चोर आहे.”

आधी लोक हसले. हातवर थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

“खरंच सांगतोय. बावीस वर्षं तुमची झडती घेतली आणि बावीस वर्षं मीच नेलं. माझ्या पलंगाखाली ट्रंक भरली होती. तुम्ही चोरत नव्हता, कारण मी बघत होतो. मी चोरत होतो, कारण मला कोणी बघत नव्हतं. तुमच्यात-माझ्यात फरक फक्त खुर्चीचा. झडती बंद झाली, गजाला हात लावून बोलायची पाळी आली, तेव्हा सुटलो. एकेक करून सगळं परत आणलं. ही शेवटची. कोणी बघत नसताना मी सात महिने काही नेलं नाही. अख्ख्या जन्मात तेवढंच एक माझं आहे. ते काढून घेऊ नका. पाया पडतो तुमच्या. ज्यांच्याजवळ असेल त्यांनी उद्या, परवा, कधीही गुपचूप पेटीत टाका. कोणी विचारणार नाही. पण दंडुका परत आणू नका. दंडुका आला की आपण पुन्हा होतो तेच.”

पॅकिंगची म्हातारी डोळ्यांना पदर लावत होती. लेथवरचा तो गडी खाली मान घालून उभा होता. पाच-सहा माना आणखी झुकल्या. खरंच सांगतो, क्षणभर असं वाटलं की आता कोणीतरी पुढे येईल, खिशात हात घालेल आणि टेबलावर दुसरी तोटी ठेवील. एकच ठेवली असती तरी पुढे रांग लागली असती!

पण फिटरने टाळी वाजवली. “घ्या! म्हणजे चोर फाटकावरच बसला होता! आणि आपण इकडे एकमेकांकडे बघतोय!”

काय सुटकेचा निःश्वास पडला म्हणून सांगू! चोर सापडला! उण्या खोक्यांचा, पत्राचा, सगळ्याचा धनी मिळाला. ज्यांच्या माना आत्ता झुकल्या होत्या त्याच सगळ्यांत आधी वर आल्या आणि तीच तोंडं सगळ्यांत मोठ्याने ओरडायला लागली. “लाज नाही वाटत?” “आमच्या काखेत हात घालत होता!” “परत आणलं म्हणे!” हातवर एकेका चेहऱ्याकडे बघत होता. कोणाचा डावा, कोणाचा उजवा, त्याला सगळं पाठ होतं. एक नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. त्याने घेतलं नाही. दोनशे माणसांची पापं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर जमा झाली आणि बाकीचे सगळे घरबसल्या स्वच्छ झाले.

“आता तर झडती हवीच,” फिटर म्हणाला. “माणूस तेवढा खात्रीचा बघा.” मग त्याला काय लहर आली कोण जाणे. “ही पॉलिशवाली घ्या की! बापाची विद्या येतेच हिला.” हशा झाला.

मुलगी पुढे आली. चेहरा पांढराफटक, मूठ आवळलेली. “बसते मी,” ती म्हणाली. “आणि पहिली झडती यांची घेते.”

यांची. बाबांची नाही म्हणाली. हातवर पुढे झाला. “नको गं. काहीही कर, ती खुर्ची नको घेऊस. तुला ठाऊक नाही ती काय करते.”

“तुम्ही बोलूच नका,” ती म्हणाली.

ओताऱ्याने ठराव वाचला. “बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

आपल्या भाषेत हात वर करण्याचे अर्थ किती, बघा. झडतीला हात वर, मताला हात वर, आणि जबाबदारी अंगाबाहेर टाकायची असली तरी हात वरच. त्या दुपारी अंगणभर हात वर होते आणि कुठला हात कुठल्या अर्थाने, हे विचारायची सोय नव्हती. ओताऱ्याने सगळ्यांत शेवटी, जमिनीकडे बघत, आपला भाजका हात वर केला. हातवरचे दोन्ही हात खाली होते. ते कोणी मोजले नाहीत.

त्याला काढलं नाही, हा लोकांचा मोठेपणा. भट्टीभोवती सांडलेला पितळेचा चुरा झाडायचं काम दिलं. सोमवारी संध्याकाळी भोंगा झाला. मुलगी फाटकाशी उभी होती, हातात बारीक छडी. खिशांवर छडी टेकवायची, पितळ असेल तर वाजतं. तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच रांगेतल्या सगळ्यांचे हात वर गेले. म्हातारीचेसुद्धा. सात महिने जो हात गजावर टेकत होता तो कोणी न सांगता वर! हे बघून हातवरला जे झालं ते शिव्यांनी झालं नव्हतं. तो पुढे आला. मुलीने त्याचे खिसे, कंबर, पायमोजे सगळं छडीने ठोकलं, डब्याचे चारही पूड उघडले, आणि चेहऱ्याकडे न बघता म्हणाली, “चला. पुढचा.” गजाला हात लावायला तो क्षणभर थांबला. मागून कोणीतरी ढकललं.

खोकी पुन्हा पुरी भरायला लागली. गिऱ्हाईक टिकलं. फिटर सांगत सुटला, बघा, मी म्हणत नव्हतो? ते काही खोटं नव्हतं, हेच तर दुखणं. मुलीने पहिल्याच आठवड्यात चौघांना पकडलं आणि लोक तिला वचकून राहायला लागले. गल्लीतली पोरं आता तिला बघून हात वर करायची. घरात ती आईशी बोलायची, बापाशी नाही. दोन माणसं एकाच कारखान्यातून एकाच घरी जायची, तर ती दहा पावलं पुढे आणि हा मागे. एका संध्याकाळी त्याने धीर करून हाक मारली, “जरा थांब गं.” ती थांबली नाही.

अठराव्या दिवसाची गोष्ट. शेवटचा माणूस गेला, तिने फाटक ओढलं, कडी घातली आणि चालायला लागली. हा नेहमीसारखा मागून. न्हाव्याच्या दुकानापर्यंत त्याचं लक्ष नव्हतं. मग त्याच्या पावलांनीच आधी ओळखलं, डोळ्यांनी मागून. मुलीचे दोन्ही हात झुलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा, कवायतीत झुलतात तसे. एरवी ती पिशवीचा पट्टा धरून चालायची. लहानपणी बापाने शिकवलं होतं ना, चोर हात हलवायला विसरतो म्हणून! ती विसरली नव्हती.

नाही, नाही, असं तो तोंडाने म्हणत राहिला. रस्त्यावरच्या माणसाने वळून पाहिलं. त्याचे स्वतःचे हात शिवशिवत होते. दहा पावलं धावायचं, ओढणीखालचा तो खिसा चाचपायचा, की झालं. त्याने हात पाठीमागे नेले आणि एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं. विचारायचंही नाही, त्याने ठरवलं. विचारलं की झडती झाली. ती आपणहून सांगेल. अजून घर यायचंय. कोपऱ्यावर सांगेल. जिन्यात सांगेल. आपल्याला दोन शब्द म्हणता आले नाहीत तेव्हा आपण मागे फिरलो होतो. हिचंही तसं होईल. आपलीच मुलगी आहे. मग त्याच्या लक्षात आलं की नेमकं तेच तर आहे, आपली मुलगी आहे, आणि त्याला चालवेना.

दारापाशी ती थांबली. अठरा दिवसांत पहिल्यांदा वळून त्याच्याकडे पाहिलं. “असे काय बघताय?”

त्याचे डोळे भरून आले होते. “तू बोलशील म्हणून.”

तिचं तोंड जरासं उघडलं. मग तिने झटक्यात पाठ फिरवली आणि आत गेली.

हा उंबऱ्यावर बसला, मनगट अजून घट्ट धरून. आत पलंग सरकल्याचा आवाज झाला. ट्रंकेचं झाकण करकरलं. ट्रंकेला आता कुलूप नव्हतं, आत काही उरलंच नव्हतं तर कुलूप कशाला? आणि मग ठण्णकन वाजलं. रिकाम्या पत्र्यावर एकच तोटी पडली की कसं वाजतं, हे त्या घरात त्याच्याहून जास्त कोणाला माहीत असणार?

बायको मोरीत नळाची चिंधी पिळत होती. तिने तिथूनच विचारलं, “काय पडलं गं?”

“काही नाही,” मुलगी म्हणाली.